दीड लाखाचा उंबरठा

सल्ला सदर, एप्रिल २०२१

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. घरात पाच माणसं: त्या, त्यांचे पती, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं आणि ग्रीन कार्डावर आलेले सासरे. सगळ्यांकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे. करोनाकाळात अमेरिकी सरकारने घरोघरी पाठवलेल्या मदतीच्या, म्हणजे ‘स्टिम्युलस’च्या, पहिल्या दोन वेळांचे त्यांना २,८३० आणि १,८३० डॉलर आले. मार्चमधल्या तिसऱ्या वेळी मात्र काहीच नाही, कारण सरकारदप्तरी असलेलं त्यांचं २०१९ चं उत्पन्न १,६१,४०० आहे. मंडळातल्या मैत्रिणीला, ‘पगार आमच्याएवढाच असून’, चौघांचे ५,६०० मिळाले. २०२० मध्ये पतीचा पगार काही महिने कापला गेला होता. त्या वर्षाचा एजीआय (काही ठरावीक वजावटी जाऊन करासाठी धरलं जाणारं उत्पन्न) १,५६,३०० येतोय. मुदत १७ मेपर्यंत वाढल्यामुळे रिटर्न अजून भरलेलं नाही. आता त्यांना १ मेपासून वर्षाला ९,००० जास्त देणारी बढती चालून आली आहे, आणि त्या विचारतात: ‘घेतली तर हे पैसे कायमचे जातील. नको म्हणू का? की आम्ही दोघांनी वेगवेगळं रिटर्न भरावं?’ पतीचं म्हणणं, सरकारी पैशाच्या मागे लागू नये, उद्या नागरिकत्वाच्या वेळी अंगाशी येईल. सासरे म्हणतात, फुकटचं हवंय कशाला.

बढती घ्या.

तुमच्या मॅनेजरने सोमवारपर्यंतच मुदत दिली होती, म्हणून हे एक वाक्य मी तुम्हाला आधीच इमेलने कळवलं. आता सावकाश बोलू.

आधी हे सांगते, की तुमची भीती खुळी नाही. ‘पगार वाढला तर आम्ही उलट तोट्यात जाऊ’ असं कुणी म्हणालं की मी एरवी हसून सोडून देते, कारण दहांतल्या नऊ वेळा ते टॅक्स ब्रॅकेटबद्दलचं, म्हणजे करदराच्या टप्प्यांबद्दलचं, गैरसमजुतीचं बोलणं असतं. तुमच्या बाबतीत मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि चकित झाले. तिसऱ्या स्टिम्युलसमध्ये माणशी १,४०० डॉलर, म्हणजे तुमच्या घराचे ७,०००. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचं उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तर पूर्ण रक्कम, १,६०,००० ला शून्य. म्हणजे मधल्या दहा हजारांच्या पट्टीत सात हजार गळून जातात: प्रत्येक जास्तीच्या शंभर डॉलरमागे सत्तर. त्यात फेडरल करापोटी २२ जातात, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७ डॉलर ६५ सेंट. शंभर मिळवले की हातात उरले ३५ सेंट, आणि राज्याचा कर अजून धरलेलाच नाही.

पहिल्या दोन वेळांना असं नव्हतं. तेव्हा दीड लाखाच्या वरच्या प्रत्येक शंभरामागे फक्त पाच डॉलर कापले जात होते, मग घरात माणसं कितीही असोत. म्हणून तर १,६१,४०० वर असूनही तुम्हाला ५७० डॉलरच कमी आले. या वेळी प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यातही जोडप्यांसाठी उतरण २,००,००० पर्यंत लांबवलेली होती. सिनेटमध्ये मध्यममार्गी डेमोक्रॅट्सना ती फार सैल वाटली, तडजोडीत ती १,६०,००० वर आली, ६ मार्चला ५० विरुद्ध ४९ मतांनी विधेयक निघालं आणि ११ मार्चला बायडन यांची सही झाली. मूलबाळ नसलेल्या जोडप्यासाठी हीच उतरण शंभरामागे २८ डॉलरची आहे, तुमच्यासाठी सत्तरची. माणसं जास्त, तितका कडा सरळ. कुटुंबांसाठी काढलेल्या मदतीत मोठ्या कुटुंबाची घसरगुंडी सगळ्यात तीव्र व्हावी, हे मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. मिसिसिपीत दीड लाख म्हणजे काय आणि न्यू जर्सीत डेकेअरचं बिल भरून उरलेले दीड लाख म्हणजे काय, याचाही कायद्याला पत्ता नाही. पण असो, तो कायदा आहे आणि आपल्याला त्यात बसायचं आहे.

मग एवढं सगळं असूनही बढती घ्या असं का म्हणते? कारण तुम्ही वर्षाची गल्लत केली आहे. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, हे पैसे पाठवताना तुमचं चालू उत्पन्न विचारतच नाही. त्यांच्याकडे शेवटचं प्रोसेस झालेलं रिटर्न ज्या वर्षाचं, तो आकडा ते घेतात. तुमचं २०१९ चंच होतं, म्हणून शून्य. २०२० चं रिटर्न गेलं आणि त्यातला आकडा कमी निघाला, तर फरकाची रक्कम ते आपणहून पाठवतात. त्याला ‘प्लस-अप’ म्हणतात आणि या महिन्यापासून अशा रकमा निघायला लागल्या आहेत. पुढच्या वर्षी २०२१ चं रिटर्न भराल तेव्हा पुन्हा एकदा हिशेब होईल, पण तो एकाच बाजूने: २०२१ चं उत्पन्न कमी निघालं तर राहिलेले पैसे मिळतात, जास्त निघालं तर मिळालेले परत मागत नाहीत. बढतीमुळे वाढेल ते २०२१ चं उत्पन्न. ती वाढ मिळालेल्या पैशाला हात लावू शकत नाही.

तेव्हा तुम्हाला मुदत मिळाली म्हणून जे थांबून राहिलात, तेच खरं नुकसानीचं. मुदतवाढ पैसे देणं असणाऱ्यांच्या सोयीची. ज्यांना यायचे आहेत त्यांनी वाट कशाला बघायची?

पण या रविवारी बसून लगेच भरून टाकू नका, एक आठवडा थांबा. तुमच्या पत्रात एक ओळ होती की कंपनीच्या जास्त डिडक्टिबलवाल्या हेल्थ प्लॅनमुळे (सुरुवातीचा बराच खर्च आपणच सोसायचा असा विमा) एचएसए खातं, म्हणजे औषधोपचारासाठीचं करमुक्त बचत खातं, आहे आणि २०२० मध्ये त्यात जेमतेम दोन हजार गेले. ती ओळ तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलीत, मला मात्र ती सोन्याची वाटली. कौटुंबिक प्लॅनसाठी २०२० ची एचएसए मर्यादा ७,१०० होती. कंपनीने भरलेले धरून तुमचे दोनच हजार गेले असतील आणि वर्षभर सगळे त्याच प्लॅनवर असाल, तर १७ मेपर्यंत आणखी ५,१०० डॉलर २०२० च्या नावावर टाकता येतात. एजीआय १,५६,३०० वरून १,५१,२०० वर येतो. आता बघा काय होतं. तिसऱ्या स्टिम्युलसचे २,५९० ऐवजी ६,१६० येतात: ३,५७० जास्त. फेडरल करात २२ टक्क्यांनी १,१२२ वाचतात. पहिल्या दोन वेळांचा हिशेबही २०२० च्या आकड्यावर नव्याने होतो आणि रिटर्नच्या ओळ ३० वर फरक मागता येतो. तो ५१० चा १,०२० होतो, म्हणजे तिथे आणखी ५१०. बेरीज ५,२०२. स्वतःच्या एका खिशातून दुसऱ्यात ५,१०० टाकायचे आणि त्याबद्दल ५,२०२ यायचे! खात्यातले पैसे मुलांच्या दातांपासून चष्म्यापर्यंत तुमचेच, ते कुठे जात नाहीत.

पैसे टाकताना ‘२०२० साठी’ हा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर बँक ते मुकाट्याने २०२१ ला लावते आणि सगळा खटाटोप पाण्यात. रिटर्नला फॉर्म ८८८९ जोडावा लागतो. न्यू जर्सी राज्य एचएसए मानत नाही (कॅलिफोर्नियाही नाही), त्यामुळे राज्याच्या रिटर्नमध्ये ही वजावट दिसली नाही म्हणून गोंधळू नका.

आता वेगवेगळ्या रिटर्नबद्दल. ही युक्ती गेला महिनाभर सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरते आहे आणि ती खोटी नाही. वेगळं भरलं की मर्यादा प्रत्येकी ७५,००० ते ८०,०००. तुमचं एकटीचं उत्पन्न ६८,००० आणि पतीचं ८८,००० च्या घरात; दोन्ही मुलं आणि सासरे तुमच्या रिटर्नवर घेतले तर चौघांचे ५,६०० पूर्ण येतील, पतीचे १,४०० जातील. नुसतं २,५९० शी तुलना केली तर मोह होणारच. पण एचएसए भरल्यावर एकत्र रिटर्नवरच ६,१६० आहेत. शिवाय वेगळं भरलं की धाकट्याच्या डेकेअरची सूट जाते, विद्यार्थी कर्जाच्या व्याजाची वजावट जाते. ज्यांना एचएसए नाही, एकाचा पगार ७५,००० च्या आत आहे आणि मुलं दोन-तीन आहेत, अशा जोडप्यांनी दोन्ही पद्धतींनी हिशेब करून पाहावा; सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. एवढंच ध्यानात ठेवा: आधी वेगळं भरलं तर नंतर तीन वर्षांपर्यंत एकत्र करता येतं. एकत्र भरून १७ मे उलटली, की वेगळं होता येत नाही.

मैत्रिणीचं सांगते. ‘पगार आमच्याएवढाच’ हे तुम्हाला कसं कळलं? ऑफर लेटरवरचा आकडा कुणी कट्ट्यावर सांगतं, टेन-फॉर्टीवरची, म्हणजे रिटर्नच्या फॉर्मवरची, एजीआयची ओळ ११ कुणी सांगत नाही. मर्यादा लागते ती ओळ ११ ला, पगाराला नाही. ती दोघं फोर-ओ-वन-केमध्ये (नोकरीतल्या निवृत्ती-बचत योजनेत) प्रत्येकी १९,५०० भरत असतील तर त्यांची ओळ ११ तुमच्यापेक्षा कितीतरी खाली जाते. मग ती तुमच्यापेक्षा गरीब झाली का? नाही. तिने म्हातारपणासाठी जास्त बाजूला काढले, एवढंच. तुम्ही कदाचित तेच पैसे गावच्या घराच्या छपराला पाठवलेत. ओळ ११ ला छप्पर दिसत नाही. सरकारने तिला बरं म्हटलं आणि आपल्याला डावललं, असं मनात घेऊन पुढच्या गणपतीत तिच्याशेजारी बसू नका.

मर्यादेची धार फक्त वरच्यांनाच लागते असंही नाही. मी करहंगामात एका सार्वजनिक ग्रंथालयात मोफत रिटर्न भरून देणाऱ्यांच्या टेबलावर बसते. यंदा करोनामुळे टेबल नाही, खिडकीतून कागद घ्यायचे. फेब्रुवारीत एक बाई ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत सगळे कागद नीट घडी घालून घेऊन आल्या. एका हॉटेलच्या लाँड्रीत काम, वर्षाचे ३१,००० सुद्धा पूर्ण नाहीत. मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजात, त्यांच्यावर अवलंबून. पहिल्या दोन्ही वेळांना मुलाचा एक पैसा आला नव्हता, कारण तेव्हा फक्त १७ वर्षांखालच्या मुलांचे मिळत होते, आणि आईच्या रिटर्नवर असल्यामुळे त्याला स्वतःचेही नाहीत. त्या दोनदोनदा विचारत होत्या, ‘तो जेवत नाही का?’ तिसऱ्या वेळी वयाची ही अट काढली. त्यांच्या घरी या वेळी त्याचेही १,४०० आले असतील.

तुमच्या सासऱ्यांचे १,४०० याच बदलामुळे येताहेत. इथे मात्र एक गोष्ट तपासा, कारण माझा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. ते तुमचे डिपेंडंट (करासाठी तुमच्यावर अवलंबून) ठरायचे तर २०२० मधलं त्यांचं स्वतःचं करपात्र उत्पन्न ४,३०० डॉलरच्या आत हवं आणि त्यांचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही उचलायला हवा. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर भविष्य निर्वाह निधीचं जे थोडंसं पेन्शन येतं, ते तुम्ही लिहिलं आहे. पण ठेवी? अमेरिकेत जगभरातलं उत्पन्न धरतात, साताऱ्यातल्या बँकेचं व्याजही. गेल्या वर्षीच्या दराने ही मर्यादा ३ लाख १८ हजार रुपयांच्या आसपास पडते. पेन्शन आणि व्याज मिळून त्याच्या बरंच खाली असेल तर प्रश्न नाही. वर गेलं, तर घर चार माणसांचं धरून सगळे आकडे पुन्हा मांडा. आणि हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ठेवी आणि खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर त्यांच्या नावाने एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. ग्रीन कार्डवाल्या किती तरी आजी-आजोबांचा हा राहून जातो, आणि त्याचा दंड स्टिम्युलसपेक्षा कितीतरी मोठा असतो.

पतीची भीती मी थट्टेवारी नेणार नाही. ‘पब्लिक चार्ज’ (सरकारवर भार ठरेल असा माणूस म्हणून ग्रीन कार्ड नाकारणं) हा शब्द गेली दोन वर्षं आपल्या लोकांच्या घराघरांत शिरला होता, आणि त्यापायी माणसांनी मुलांचे हक्काचे लाभसुद्धा सोडून दिले. पण स्टिम्युलस ही कायद्याने करसवलत आहे, आगाऊ दिलेली. ती पब्लिक चार्जमध्ये तेव्हाही धरत नव्हते. आणि २०१९ चा तो कडक नियम ९ मार्चपासून लागू करणंच थांबलं आहे. नागरिकत्वाच्या अर्जाला तर ही कसोटी लागतही नाही. तिथे विचारतात ते हे, की रिटर्न वेळेवर भरलीत का, कर थकवलात का. तेव्हा १७ मे चुकवू नका, नागरिकत्वासाठी तेवढी काळजी पुरे.

बढतीचा एक बारीकसा कर मात्र लागेल, तो आधीच सांगून ठेवते. मार्चच्या याच स्टिम्युलस कायद्याने २०२१ पुरती मुलांची करसवलत वाढवली आहे: सहा वर्षांखाली ३,६००, त्याच्यावर १७ पर्यंत ३,०००, आणि त्यातले निम्मे जुलैपासून दरमहा खात्यात येतील. वाढीव भागाची उतरणही दीड लाखापासूनच सुरू होते, पण ती सौम्य आहे, हजारामागे ५० डॉलर. आणि इथे हिशेब दोन्ही बाजूंनी होतो. महिन्याचे हप्ते २०२० च्या आकड्यावर येतील, खरा हिशेब २०२१ च्या. बढतीमुळे उत्पन्न वाढलं तर पुढच्या वर्षी रिफंड काहीशे डॉलरनी कमी दिसेल. तेव्हा दचकू नका. नव्या पगारातला काही भाग मे महिन्यापासूनच फोर-ओ-वन-केला लावलात तर तेही बरंचसं भरून निघेल.

तुमच्यासारखीच पत्रं आणखी आली आहेत, प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून इथेच. जोडीदार एच-फोरवर (नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) असून त्याच्याकडे फक्त आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा कर-क्रमांक) आहे म्हणून पहिल्या वेळी सबंध घराला नकार आला, त्यांनी निराश होऊ नये. डिसेंबरच्या कायद्याने ती अट मागच्या तारखेपासून सैल केली. सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या जोडीदाराचे आणि मुलांचे पैसे २०२० च्या रिटर्नवर ओळ ३० ला मागा. अशा घरात जोडीदाराला नोकरी नसेल तर त्याच्या नावाने २०२० साठी ६,००० पर्यंत पारंपरिक आयआरए (स्वतः उघडायचं निवृत्ती-बचत खातं) १७ मेपूर्वी भरता येतो, आणि दोघांचं उत्पन्न १,९६,००० च्या आत असेल तर पूर्ण वजावट मिळते. तुम्हा दोघांना कंपनीची योजना असल्याने ते दार तुम्हाला बंद आहे. २०२० मध्ये बाळ झालं असेल तर त्याचे पैसे याच रिटर्नवर, यंदा झालं तर पुढच्या. एकट्याने मुलं वाढवणाऱ्यांची मर्यादा १,१२,५०० पासून सुरू होते, ७५,००० पासून नाही. रिटर्नवर ‘सिंगल’ की ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ ते नीट बघा. आणि ज्या विद्यार्थ्यांना एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर, करासाठी नॉनरेसिडेंट (अनिवासी) असताना चेक आला, त्यांचा तो नाही. परत पाठवा. मुलांनो, तुम्हाला तो हवासा वाटतो हे समजतं, तरीही.

रिटर्न ऑनलाइनच भरा. कागदी रिटर्नांचे ढीग गेल्या वर्षीपासून पडून आहेत. ओळ ३० वरच्या आकड्यात एक डॉलरचा फरक पडला तरी आयआरएस हाताने तपासायला बसते आणि सगळंच रखडतं. तुम्ही लिहिलंय की सरकारची ती दोन पत्रं सासऱ्यांनी जपून पंचांगात ठेवली आहेत, पहिल्यावर तर राष्ट्राध्यक्षांची सही आहे म्हणून. फुकटचं नको म्हणणाऱ्या माणसाने ती जपली याची मला गंमत वाटली. त्यांच्याकडून मागून घ्या. एकावर नोटीस १४४४ असेल, दुसऱ्यावर १४४४-बी. दोन्ही आकड्यांची बेरीज ४,६६० यायला हवी.